खंडेनवमीला मोडलेला दांडा

मुलांनो, डोळे मिटू नका. मिटलेत तर पुढचं वाचाल कसं? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. साल नव्व्याण्णव, ऑक्टोबरातली दुपार, नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या पलीकडचे डोंगर. उतारावर भात पिवळं पडू लागलंय, वर नागलीची कणसं मुठी आवळून उभी आहेत. एक ओहोळ, आणि ओहोळ ओलांडून मोठमोठ्या दगडांत अडकलेला एक ट्रक. लष्कराच्या लिलावातून घेतलेला, बुटका, शेवाळी रंगाचा. त्याची पुढची चाकं नीट बघा. डावं डावीकडे बघतंय, उजवं उजवीकडे. एका घरात राहून अबोला धरलेल्या दोन जावा असतात ना, तशी.

दिसलं? आता ट्रकखालून बाहेर आलेले चार पाय बघा. दोन मोठे, ते भिकनमामाचे. दोन लहान, ते स्नेहलचे.

स्नेहल येवल्याची. तिचे वडील हातमागावर पैठणी विणायचे. दसऱ्याच्या सुट्टीत ती मामाकडे देवळाली कॅम्पला आली होती, आणि खरं सांगायचं तर मामापेक्षा ट्रकसाठी आली होती. त्या ट्रकमधून डोंगरात जायचं, तंबू ठोकायचा, चुलीवर खिचडी करायची, यासारखं सुख तिला दुसरं ठाऊक नव्हतं. पण आशामामीला त्या ट्रकचा काच झाला होता. मागच्या तीन सहलींत तो तीनदा मोडला होता. निघताना तिने दारातच बजावलं होतं, "ह्या वेळी काही मोडलं, तर ट्रक भंगारात. आणि उद्या दसरा आहे, दुपारच्या पानावर दोघं हजर पाहिजेत."

"काही मोडत नाही," मामा म्हणाला होता.

आणि आता तो ट्रकखाली पडून म्हणत होता, "मोडला."

"काय मोडलं?"

"हा आडवा दांडा. टायरॉड म्हणतात. स्टिअरिंग फिरवलं की ते एकाच चाकाला सांगतं, वळ. ते चाक ह्या दांड्याकरवी दुसऱ्याला सांगतं. दगडावर आपटून दांड्याचे मधोमध दोन तुकडे झालेत."

"म्हणून ती दोघं बोलेनाशी झालीत."

"तेच. पेटीतून मोठा पाना दे."

"कुठल्या पेटीतून?"

"हत्यारांच्या."

 म्हणता म्हणताच मामाने जीभ चावली. त्या दिवशी खंडेनवमी होती. पहाटे मामाने गॅरेजातला एकेक पाना पुसून देवापुढे मांडला होता, हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडू ठेवले होते. वर्षभर राबणाऱ्या हत्यारांची ती एका दिवसाची सुट्टी. त्यांना हलवायचं नाही, कामाला लावायचं नाही. मामाने ते इतकं मनापासून पाळलं की पेटी देवघरातच ठेवून तो डोंगरात आला.

"तरी मामी म्हणाली होती," स्नेहल म्हणाली, "हत्यारांना सुट्टी, मग ट्रकला का नाही?"

"मामी पुष्कळ म्हणते," मामा म्हणाला, पण आवाज बारीक होता.

एवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई पायवाटेने खाली आली. समोरच्या पाड्यावरची कुसाबाई. तिने भारा उतरवला आणि वाकून ट्रकखाली पाहिलं.

"मोडली काय गाडी?"

"मोडली."

"मिस्त्री कोन येनार?"

"मीच मिस्त्री," मामा म्हणाला.

"मंग हत्यारं?"

"घरी. आज त्यांची सुट्टी असते."

"आन् तू कामावर," कुसाबाई म्हणाली, आणि इतकी हसली की स्नेहललाही हसू आवरेना. मग तिने विचारलं, "पहार चालंल काय? आमचा देव वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडाला. आज पहारीला सुट्टी नाय."

तिने पाड्याकडे तोंड करून एक लांबलचक हाक मारली. थोड्या वेळाने तिचा नवरा सावळीराम खड्डे खणायची लोखंडी पहार आणि अंबाडीचा दोर घेऊन आला. तो दिवसभरात चार शब्द बोलणारा माणूस. त्यातला एक त्याने तिथे वापरला. "घ्या."

मामाचा चेहरा उजळला. हाड मोडलं की वैद्य फळी बांधतो, तशी मोडक्या दांड्याला पहार बांधायची. त्याने लाथा मारून चाकं सरळ केली, लांब उभं राहून एक डोळा मिटला आणि म्हणाला, "झाली समोरासमोर."

"नाही झाली," स्नेहल म्हणाली.

"तुला इथून कसं कळलं?"

"आमच्याकडे बाबा मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, नजरेने लावत नाहीत. मोजतात." तिने दोराचं एक टोक सावळीरामकाकांच्या हातात दिलं आणि दोन्ही चाकांमधलं अंतर आधी पुढून मोजलं, मग मागून. पुढून चार बोटं जास्त भरलं.

"चार बोटांनी काय होतंय?" मामा म्हणाला.

"ताणा चार बोटं सरकला तर पदर वाकडा येतो."

मामाने डोकं खाजवलं. "बरोबर आहे. गॅरेजात मीही मोजतो. इथे जरा मोठेपणा केला."

पुन्हा चाकं हलवली, पुन्हा मोजलं. दोन्हीकडे सारखं भरल्यावर मामाने पहार बांधली आणि ट्रक चालू केला. दहा पावलं गेला नाही तोच जावांनी पुन्हा तोंडं फिरवली. गुळगुळीत लोखंडावरून दोर सरकला होता.

मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. स्नेहलच्या डोळ्यांपुढे भंगारवाला आला, त्याच्या हातगाडीवर ट्रकचे दिवे, ट्रकचा भोंगा. 

कुसाबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती. "लोखंडावर लोखंड, आन् दोर धरंल कशाला? नांगराला पाचर मारता का नाय कवा?"

"मी नांगर कधी धरला नाही," मामा म्हणाला.

"ते दिसतंयच."

मग सूत्रं तिने हातात घेतली. आधी दांड्याला आणि पहारीला गोणपाट गुंडाळायला लावलं. त्यावरून दोर आवळला. सावळीरामकाकांनी कोयत्याने लाकडाच्या बोटभर पाचरी तासल्या आणि दोराखाली दगडाने ठोकून बसवल्या. स्नेहलने मोजलं, एकदा पुढून, एकदा मागून. शेवटी कुसाबाईने ओहोळाचं तांब्याभर पाणी दोरावर ओतलं.

"भिजला का दोर आखडतो, पाचर फुगती. सुकला का ढिला. पानी घालीत ऱ्हा पोरी, मंग काय होत नाय."

तसंच झालं. ट्रक बैलगाडीच्या चालीने निघाला. मामा स्टिअरिंगवर, शेजारी सावळीरामकाका, कारण त्यांना पहार परत न्यायची होती. स्नेहल कॅन घेऊन बाजूने चालत होती. दर शंभर पावलांवर ती हात वर करायची, ट्रक थांबायचा, ती खाली सरकून दोराला पाणी पाजायची आणि ओरडायची, "चला." डांबरी रस्ता लागला तसा मामाने वेग आणखी कमी केला. उन्हं कलली तेव्हा ते पेठमधल्या वेल्डिंगच्या दुकानासमोर पोचले.

दुकानात वेल्डिंगचं यंत्र झेंडूची माळ घालून बसलं होतं.

"आज हात लावत नाही," वेल्डर म्हणाला. "खंडेनवमी. उद्या सकाळी पूजा उतरवली की पहिलं काम तुमचं."

 मामा वाद घालणार कोणत्या तोंडाने? तंबू त्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत ठोकला गेला, आणि खिचडी सावळीरामकाकांनी तीनदा वाढून घेतली.

सकाळी काकांनी पहार सोडवली, ठिणग्या उडाल्या, दांडा जुळला. काका पहार खांद्यावर घेऊन एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, "हिचं अर्धं तिकीट." काका पहिल्यांदा हसले.

नाशिक जवळ आलं तेव्हा मामा खाकरला. "मामी विचारेल. तू काही बोलू नकोस. नवा जोड दिसतोय कुणाला?"

स्नेहल खिडकीबाहेर बघत राहिली. खरं सांगितलं तर ट्रक जाणार. नाही सांगितलं, तर दोर, पाचरी, पुढून-मागून मोजलेली चार बोटं, कशातलंच काही कधी कुणाला कळणार नव्हतं. कुसाबाईचं नावही त्या घरात निघणार नव्हतं.

दाराला तोरण होतं, आतून श्रीखंडाचा वास येत होता. मामी नवी साडी नेसून उंबऱ्यात उभी होती. तिने मामाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"स्नेहल, तू सांग. काही मोडलं?"

मामा तोरणातली आंब्याची पानं मोजू लागला.

"मोडलं," स्नेहल म्हणाली.

"मग ठरल्याप्रमाणे."

स्नेहलने रडारड केली नाही, विनवणीही केली नाही. ती वळली, अंगणात उभ्या असलेल्या ट्रकपुढे पाठीवर आडवी झाली आणि सरकत सरकत चाकांमागे दिसेनाशी झाली. मग खालून तिचा आवाज आला, "मामी, पदर खोच आणि आत ये. कुठे मोडलं आणि कसं जोडलं, ते सगळं दाखवते." आणि ती थोडी बाजूला सरकली, आणखी एकाला जागा होईल इतकी.