खाडीची एकादशी

मित्रांनो, मी खाडीकाठच्या घणसोली गावची एक जुनी होडी बोलतेय. दचकू नका! लाकूड सागाचं आहे, पोट जरा गळकं आहे, पण जीभ शाबूत आहे. चांगदेवांनी मला स्वतःच्या हातांनी बांधलं. त्यांच्याबरोबर या खाडीत मी उभी हयात काढली. पुढे चांगदेव गेले, मासळीही कमी झाली, आणि मी खारफुटीच्या कडेला उपडी पडून राहिले. फार वाईट वाटायचं हो.

यंदा त्यांच्या मुलाने, कल्पेशने, मला एका हॉटेलवाल्याला द्यायचं ठरवलं. दारात मांडून माझ्यात काकडी-टोमॅटो सजवणार म्हणे! कल्पेशची आई धोंडूबाई मात्र हटून बसल्या. "द्यायची त दे, पन आदी मला तिच्यातून खाडी दाखव."

कल्पेशने माझ्या फटी बुजवल्या. आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. "आज माजी एकादशी हाय, पानी सकालीच भरंल," असं धोंडूबाई म्हणाल्या आणि आम्ही निघालो. थोडं पुढे जातो न जातो तोच मी चिखलात रुतून बसले!

"आये, कुटं हाय भरती? मला ड्युटीवर जायचंय!" कल्पेश वैतागला.

धोंडूबाईंनी बोटं मोजली आणि कपाळावर हात मारला. "अगो बाय! मी भागवत एकादशी धरते, ती या खेपेला येक दिस मागून आली. खाडीची एकादशी कालच झाली!" रोज पाणी थोडं उशिरा चढतं, म्हणजे आज वाट बघणं आलं. मला वाटलं, संपलं. आता हा पोरगा मला उद्याच हॉटेलात टाकणार.

चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. खारफुटीतून एक कोल्हा आला, आमच्याकडे बघून पुन्हा आत शिरला. मग पलीकडची दलदल हलल्यासारखी वाटली. ते फ्लेमिंगो होते, मित्रांनो! हजारो! पाणी चढेल तसे ते आमच्याकडे सरकत होते. माना खाली, चोची चिखलात, आणि सगळीकडे नुसती कुजबुज. बघता बघता ते माझ्या दोन्ही बाजूंना आले. इतक्या वर्षांत मी त्यांच्यामध्ये अशी गप्प कधी बसलेच नव्हते. आम्ही नेहमी वल्ही आपटत जायचो आणि ते उडून जायचे.

कल्पेश ड्युटी विसरला होता. हातातला मोबाईल त्याने खिशात ठेवला. धोंडूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुजा बा म्हनायचा, खाडी मेली," त्या हळूच म्हणाल्या. "बग रे, कशी जिती हाय!"

तेवढ्यात सगळे एकदम उडाले. पंखांखालचा तो लालभडक रंग आभाळभर झाला. पलीकडचे टॉवरसुद्धा दिसेनात. माझं जुनं लाकूड शहारलं, खोटं कशाला सांगू?

हळूहळू पाणी माझ्या पोटाखाली शिरलं आणि मी तरंगले. तेव्हाच हॉटेलवाल्याचा फोन आला.

"टेम्पो कधी पाठवू?"

कल्पेशने आईकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "नको पाठवू, शेठ. होडी पान्यात हाय."

मित्रांनो, तुम्हीही या. कचरा टाकू नका, आरडाओरडा करू नका, आणि आमच्यासारखं जरा गप्प बसा. खाडी आपणहून जवळ येते.