शेवटच्या सीनपर्यंत

हिंदी सिनेमात सुगंधा परुळेकरचं नाव रेवती होतं, आणि रेवतीचं काम मरण्याचं होतं. ती नायकाची बहीण असायची. पहिल्या अर्ध्या तासात भावाला राखी बांधायची, खीर भरवायची, एका गाण्यात मैत्रिणींबरोबर झोपाळ्यावर बसायची आणि इंटरव्हलच्या आत जायची. कधी खलनायकाच्या जीपखाली, कधी गच्चीवरून, एकदा तर भर लग्नाच्या मांडवात. ती गेल्याशिवाय नायकाला राग येत नसे आणि नायकाला राग आल्याशिवाय सिनेमा पुढे सरकत नसे. तीन-चार नायक तिच्या मरणावर मोठे झाले. त्यातल्या एकाने जुहूला बंगला बांधला तेव्हा वास्तुशांतीला तिला आठवणीने बोलावलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "ही माझी लकी बहीण."

ते भाऊ अजूनही नायक होते. सुगंधा मात्र साठी ओलांडून मरोळच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहत होती. लग्न राहून गेलं होतं. सिनेमात ते इतक्या वेळा मोडलं होतं की घरच्यांनाही त्याचं विशेष वाटलं नाही. ती कधीच गेली अशी पुष्कळांची समजूत होती. मागच्या वर्षी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी तिचा जुना फोटो आणि मेणबत्ती टाकली. सगळ्यांनी हात जोडले, म्हणून तिनेही जोडले.

तिची इच्छा एकच उरली होती. एखाद्या सिनेमाच्या शेवटच्या सीनमध्ये आपण जिवंत असावं. हे ती कुणाला फारसं सांगत नसे, कारण ऐकणारा आधी हसायचा.

ती संधी आणली तिसऱ्या मजल्यावरच्या अक्षताने. अक्षता आठ वर्षांची. तिची आई गंधाली ऑफिसातून येईपर्यंत ती सुगंधाकडेच असायची. दोन जाहिराती करून झाल्यामुळे तिला या धंद्यातलं बरंच कळत होतं. मुकुल नावाच्या तरुण दिग्दर्शकाने तिला नातीच्या भूमिकेसाठी निवडलं आणि आजी सापडत नाही म्हणून तो कुरकुरत होता, तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे आहे एक. खालच्या मजल्यावर."

ऑडिशनच्या आदल्या दिवशी अक्षताने सुगंधाची शिकवणी घेतली.

"आजी, आधी नाव सांगायचं. मग वय, मग उंची. मग लेफ्ट प्रोफाइल, मग राइट."

"उंची कशाला गं? या वयात काय वाढणार आहे का ती?"

"विचारतात. आणि शेवटी हात दाखवायचे, दोन्ही बाजूंनी."

"चोरी केलीय का मी?"

"आजी, तू खूप प्रश्न विचारतेस. मग घेत नाहीत."

सुगंधाने नाव सांगितलं, उंची सांगितली, हात उलटसुलट दाखवले. मुकुलने तिचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. त्यामुळे ती जिवंत आहे याचं त्याला आश्चर्य वाटलं नाही, आणि तिला तो पहिल्याच भेटीत आवडला. भूमिका तिला मिळाली.

संहिता हातात आल्यावर तिने आधी शेवटचं पान उघडलं. शेवटच्या सीनमध्ये आजी दोन कपांत चहा गाळते, एक कप नातीपुढे सरकवते, आणि दोघी खिडकीतून बाहेर बघत बसतात. बस, एवढंच. सुगंधाने ते पान तिथेच उभ्याने पुन्हा पुन्हा वाचलं. मग घाटकोपरला राहणाऱ्या भावाला, जयवंतला, फोन लावला.

"ह्या पिक्चरात कधी मरतलंस गो?" जयवंतने विचारलं. तो दर वेळी हसत हेच विचारायचा.

"मरूचंय नाय."

"मगे? कोमात?"

"चाय गाळतंय रे मी. शेवटाक."

पलीकडे त्याने घरच्यांना हाक मारून ते सांगितलं. मग तो म्हणाला, "झकास. आम्ही सगळी येतलंव बघूक."

रोज संध्याकाळी सुगंधा आणि अक्षता तालीम करू लागल्या. तालमीत खरोखर चहा व्हायचा. अक्षताच्या कपात नावापुरता चहा, बाकी दूध. पाठांतरात मुलगी पक्की होती, पण वाक्य बोलताना भुवया उडवायची. जाहिरातीत तसं चालतं. सुगंधा तिला रागावली नाही. तिने फक्त चहा करायला लावला आणि चहा गाळतानाच वाक्य म्हणायला सांगितलं. चहा सांडू नये म्हणून अक्षताचं सगळं लक्ष कपाकडे, आणि भुवया आपोआप जागेवर.

"आता ऐक," सुगंधा म्हणाली. "कॅमेऱ्यासमोर खोटं वागायचं नाही. जे सांगितलंय ते खोटं वाटलं, तर आधी त्यातलं खरं शोधायचं. सापडलं की तेवढंच करायचं."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर थांबायचं. घाई करणारे पुष्कळ असतात तिथे."

शूटिंगला आठवडा उरला असताना मुकुल घरी आला. सुगंधाने पोहे केले. ते संपेपर्यंत त्याने विषय काढला नाही.

"मॅम, आम्ही स्क्रिप्टवर परत बसलो होतो," तो म्हणाला. "आणि आम्हाला जाणवलं, की आजीच्या असण्यापेक्षा तिच्या नसण्यात जास्त ताकद आहे."

"नसण्यात."

"म्हणजे आजी सिनेमा सुरू व्हायच्या आधीच गेलेली आहे. पण ती प्रत्येक फ्रेममध्ये जाणवते. तुम्ही आहातच, मॅम. भिंतीवर तुमचा फोटो असणार. शेवटपर्यंत."

"हार घालून?"

"चंदनाचा," मुकुल म्हणाला. त्याला वाटलं, ती बारकावे विचारते आहे. "आणि एक रिक्वेस्ट होती. अक्षताला तुम्ही शिकवता ना, ते तसंच चालू ठेवाल का? सेटवरसुद्धा?"

सुगंधाने रिकामी बशी उचलली. आजवर ती इंटरव्हलच्या आत मरत होती. आता नावांच्या पाट्या पडायच्या आधी. प्रगतीच म्हणायची. तिला नाही म्हणता आलं असतं. पण पोरगी एकटी पडली असती, आणि भुवया पुन्हा उडू लागल्या असत्या.

त्या रात्री जयवंतला तिने एवढंच सांगितलं, "पिक्चर सुरू होवच्या आधीच मेलंय." या वेळी तो हसला नाही.

साकीनाक्याच्या एका शेडमध्ये घराचा सेट लागला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर सुगंधाचा फोटो आणि त्यावर हार. स्वतः सुगंधा कॅमेऱ्यामागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची आणि सीन संपला की अक्षता आधी तिच्याकडे बघायची. सेटवरची माणसं येता-जाता फोटोला नमस्कार करायची. एकाने तर फोटोला उदबत्ती लावली आणि वळून तिलाच विचारलं, "मावशी, माचिस ठेवू कुठे?"

शेवटच्या सीनला अडलं. नातीने फोटोसमोर उभं राहायचं, बघत राहायचं आणि डोळे भरून यायला हवेत. अक्षता फोटोकडे बघायची, मग कॅमेऱ्यामागे बिस्किट बुडवून खाणाऱ्या सुगंधाकडे बघायची आणि तिचा चेहरा खुलायचा. पुन्हा केलं. पुन्हा तेच. युनिटला घरी जायचं होतं. शेवटी मुकुल सुगंधाजवळ आला.

"मॅम, तुम्ही समोर आहात ना, म्हणून तिला होत नाहीये. जरा बाहेर थांबाल? दोन मिनिटं."

सुगंधा उठली. मेल्यावर फ्रेममधून बाहेर जायचं असतं, याची तिला सवय होती. चहाचा ग्लास घेऊन ती शेडबाहेर जाऊन उभी राहिली.

आत कॅमेरा सुरू झाला. अक्षता फोटोसमोर आली. बघत राहिली. डोळे काही भरले नाहीत. ती थांबली, पुष्कळ थांबली. मग तिने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि हार काढून ओट्यावर ठेवला. खाली उतरली, दोन कप घेतले, सीनसाठी ओट्यावर ठेवलेल्या भांड्यातला चहा गाळला. एक थेंब सांडला नाही. एक कप फोटोखाली ठेवला, दुसरा स्वतः घेतला आणि खिडकीशी जाऊन बसली.

मुकुल कट म्हणायचं विसरला. मग म्हणाला, पण हळूच, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अक्षता, हे तुला सुचलं कसं?"

"हार मेलेल्या माणसांना घालतात," अक्षता म्हणाली. "आजी बाहेर चहा पितेय."

मुकुलने तो टेक ठेवला. सिनेमा परदेशातल्या दोन महोत्सवांत जाऊन आला. शेवटच्या सीनवर लेख आले: बालमनाने मृत्यूला दिलेला नकार, हार उतरवण्यातलं मौन. अक्षताच्या अभिनयाबद्दल सगळ्यांचं एकमत होतं की असं नैसर्गिक काम शिकवून येत नाही. सुगंधाने त्यातला एक लेख कापून गंधालीला दिला, मुलीच्या फाइलीत लावायला.

सिनेमा घाटकोपरच्या थिएटरात लागला तेव्हा जयवंतने खरंच सगळ्यांना आणलं. सुगंधाला कडेची खुर्ची मिळाली. शेजारी एक अनोळखी बाई होती. इंटरव्हलला दिवे लागले तशी ती सुगंधाकडे वळली.

"ती फोटोतली बाई कुठेतरी बघितल्यासारखी वाटते हो. जुनी नटी ना ती? गेली बिचारी."

"असं म्हणतात," सुगंधा म्हणाली.

बाई पर्स उचलू लागली. तिला मुलुंडला जायचं होतं आणि सिनेमा तिला जरा संथ वाटत होता.

"बसा ना थोडं," सुगंधाने तिच्याकडे पॉपकॉर्नचा डबा सरकवला. "शेवटपर्यंत थांबा. तिचं काम शेवटी आहे."