टाकीत सोडलेली पणती

घाटनांदूरच्या वरच्या माळावर रात्री गारठा पडतो, म्हणून तिथल्या काळ्या द्राक्षांना रंग चढतो. त्यापायी मी नाशिकची बरी नोकरी सोडून इथे रेड वाइन करायला आले. पहिलंच वर्ष. वाइन काढून घेतली होती, उंच टाकीच्या तळाशी सालींचा चोथा उरला होता. तो पिळला की सगळ्यात गडद वाइन निघते, आणि उन्हाच्या तडाख्यात पडून राहिला तर आंबून वाया जातो.

नेमकं त्याच दुपारी टाकीचं खालचं दार अडकलं.

सिरसाळ्याहून आलेला जावेद मेकॅनिक तासभर झटला. "मॅडम, दार काय हलत न्हाई. वरून उतरून फावड्यानं काढतो. धा मिनटाचं काम हाय."

"उतर," मी म्हणाले.

जावेद शिडी चढून गेला तोच बागेचे राखणदार सटवामामा आले. त्यांचा जन्म विहिरीतला गाळ काढण्यात गेलेला. "दिवा सोडल्याबिगर कुणी उतरायचं न्हाई."

"मामा, ही विहीर नाही. सकाळपासून झाकण उघडं आहे, वाइन होताना सुटलेला गॅस कधीच गेला."

ते खोपीकडे पणती आणायला निघाले. इतके सावकाश, की माझं डोकंच फिरलं. तिकडे चोथा तापत होता आणि इकडे या माणसाला दिवाबत्ती सुचत होती.

"उतरू का?" जावेदचा एक पाय टाकीत होता.

मी 'हो' म्हणणारच होते.

"पाय वर घे बे, जावेद," मामा लांबूनच ओरडले.

त्यांनी पणती पाटीत ठेवून दोराने आत सोडली. हातभर खाली गेली आणि विझली. वारा नव्हता. मामांनी ती वर ओढून पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. त्याच जागी विझली.

जावेदने पाय बाहेर घेतला. हा गॅस जड असतो, तळाशी साचून राहतो, त्यात माणसाचा श्वास कोंडतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्याचे मार्कही मिळाले होते. मला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"मामा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"थोरल्या भावानं. त्यानंच मला दिवा आणाया धाडलंतं." ते दोर गुंडाळत राहिले. "मी येईस्तवर थांबला न्हाई, हिरीत उतरला. लई घाई हुती त्याला."

फवारणीचा ब्लोअर लावून आम्ही टाकीत दिवस मावळेपर्यंत हवा सोडली. चोथ्याला आंबूस वास सुटला, मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पणती तळाला टेकूनही जळत राहिली, तेव्हा कुठे जावेद कमरेला दोर बांधून उतरला.

मामांनी दोर धरला. त्यांच्या मागे मीही धरला, आणि जावेद वर येईपर्यंत त्याला एकदाही 'आटप' म्हणाले नाही.