जिवंतपणी नाव

नातीच्या बारशाचा, साखरेचा थर चढवलेला पांढराशुभ्र बदाम, तळहाताला चिकटलेला — एल्झानं स्वतः आणून दिला होता, हसत. आणि सुनेचं ते हसणंच जोयाच्या घशाखाली उतरत नव्हतं. पंधरवड्यापूर्वी हीच काय म्हणाली होती? आमच्यात जिवंत माणसाचं नाव लेकराला ठेवत नाहीत, आई. ती इस्तंबूलची, पोलंडकडून आलेल्या ज्यूंमधली. त्यांच्यात आजी मेल्याशिवाय नातीला तिचं नाव मिळत नाही म्हणे. आणि आमच्या इझमीरमध्ये — स्पेनमधून हाकलले गेलो तेव्हापासून — पहिली मुलगी बापाच्या आईच्या नावाची, आणि आजीनं ते आपल्या कानांनी ऐकायचं. माझी आजी जोया, तिचीही आजी जोया... माझ्या दोन्ही लेकी बोटीत बसून इस्रायलला गेल्या, तिकडे मुलींना नवीच नावं ठेवून मोकळ्या झाल्या. गल्लीत आता आपल्या ज्यूंची तीनच घरं. म्हणून तर जोयानं हट्टानं जेवण सोडलं होतं, मुलाला, अवरामला, सुनावलं होतं — बायकोच्या ताटाखालचं मांजर झालास रे.

मग परवा डॉक्टर आला. छाती तपासली, सगळं ठीक म्हणाला, आणि जिन्यात अवरामशी कितीतरी वेळ कुजबुजत उभा राहिला. त्याच संध्याकाळी एल्झा आपण होऊन म्हणाली, तुमचंच नाव ठेवू या. एवढी कशी विरघळली? कुठेतरी पाणी मुरतंय... यांच्या हिशेबी मी गेलेलीच. म्हणजे हिनं आपला रिवाज मोडलेला नाहीच, थोडा आधी पाळला एवढंच. चांगलंय!

शेजारणी जमल्या, नाव ठेवायला धर्मगुरू, हाखाम, आले. एल्झाच्या माहेरचं मात्र कुणी दिसेना.

"विहीणबाईंना बोट मिळाली नाही वाटतं?" जोयानं खवचटपणे विचारलंच.

एल्झा बाळाचं टोपडं सारखं करत राहिली. "आई येणार नाही म्हणाली. एका घरात एका नावाच्या दोघी असल्या, तर मृत्यूचा दूत न्यायला येतो एकीला आणि उचलतो दुसरीला — असं मानतात आमच्याकडे."

"मग तू का कबूल झालीस?"

"तुम्ही जेवत नव्हता ना," सून म्हणाली, आणि तिनं नजर चुकवली.

खरं बोलताना चुकवली की खोटं... जोयाला उमजेना. तेवढ्यात बाळ तिच्या मांडीवर आलं, हाखामनी आशीर्वाद म्हटला आणि मोठ्यानं नाव उच्चारलं. जोया. सगळ्या बायका तिच्याकडे बघून हसल्या. केवढी वाट पाहिली होती तिनं या क्षणाची, आणि आता तिची नजर दाराकडे गेली. असली खुळं मी कधी मानली नाहीत, हसत आले त्यांना... पण डॉक्टर जिन्यात खरंच काही बोलला असेल, तर? तो मृत्यूचा दूत निघालाही असेल, गल्लीत घर विचारत — आणि ही एवढीशी, हिला तर अजून मानही धरता येत नाही.

तिनं बाळ घाईघाईनं एल्झाच्या हातात दिलं. खुर्ची दाराकडे वळवून ताठ बसली. वारा लागेल तिथे, अवराम म्हणाला. तिनं लक्षच दिलं नाही. कुणी येऊन विचारलंच, जोया कोण, तर आधी मी दिसायला हवी.