नाकातोसाठी दोन ओळी

श्वेताने व्हिडिओला नाव दिलं होतं ‘युगांडा: आशीर्वादांचा महिना’. श्वेता म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकीणबाई, पाळक अमोल यांची बायको. ती स्वतः युगांडात आलीच नव्हती, त्यामुळे तिला सगळे आशीर्वाद अगदी स्वच्छ दिसले. आम्ही सहा जण गेलो होतो, मेच्या शेवटी निघून जूनच्या शेवटी परत. जिंजा नावाच्या गावापासून तासाभरावर एक शाळा आहे, तिथे. मी गणित शिकवलं, बाकीच्यांनी गाणी आणि बायबलमधल्या गोष्टी. आणि आता जुलैच्या पहिल्या रविवारी, उपासना आटोपल्यावर, नागपुरात बेसा भागातल्या आमच्या भाड्याच्या हॉलमध्ये अख्खी मंडळी समोशांची वाट पाहत बसली होती आणि पडद्यावर मुलं नाचत होती.

मग तो फोटो आला. चौऱ्याऐंशी मुली, प्रत्येकीच्या डोक्याभोवती लाल रिबीन, वर फुलासारखी गाठ, सगळ्यांचे दात दिसताहेत. महिला संघाने टाळ्या वाजवल्या. माझं डोकं फिरलं.

रिबिनींची कल्पना माझीच. हे आधीच सांगून टाकते, मागाहून कोणी उकरून काढायला नको. आपल्याकडे शाळेतली मुलगी म्हटलं की दोन वेण्या आणि लाल रिबिनी. जगात याहून वेगळं काही असू शकतं, हे सत्तावीस वर्षं मास्तरकी करूनही मला सुचलं नाही. गांधीबागेच्या बाजारातून मी स्वतः रिबिनीची रिळं आणली. महिला संघाने दोन शनिवार बसून ती कापली आणि धागे निघू नयेत म्हणून एकेक कड मेणबत्तीवर शेकली. वर खोबरेल तेलाच्या बाटल्याही बांधल्या. एवढं सामान समुद्रापार नेऊन मैदानावर उभी राहिले, तर समोर एकीच्याही डोक्यावर बोटात धरता येईल एवढा केस नाही. शाळेचा नियमच तसा. मुलगा असो की मुलगी, केस डोक्याबरोबर कापलेले. मला इतकी लाज वाटली की बॅग उघडूच नये असं झालं.

“राहू द्या आता बॅगेतच,” मी अमोलला म्हटलं.

“मॅडम, बायकांनी दोन शनिवार घातले यात. त्यांना काय दाखवू मी?”

म्हणजे रिबिनी मुलींसाठी नव्हत्या, फोटोसाठी होत्या. शाळेच्या मुख्याध्यापिका मिसेस मुवांगुझी यांनी बिचाऱ्यांनी परवानगीही दिली. फक्त एक अट घातली. फोटो झाला की सगळ्या रिबिनी खोक्यात परत. कारण तिथे कुणी काही मिरवायचं नाही, पैसेवाल्याची मुलगी आणि गरिबाची मुलगी सारखी दिसली पाहिजे. अमोल मान डोलावून हो म्हणाला. फोटो झाला आणि गडी आपल्याच आवाजावर खूश झाला. माइकवरून म्हणाला, “मुलींनो, ही देवाची भेट आहे. ठेवा तुमच्याकडे!” मुलींनी आपल्या बाईंच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने रिबिनी खोक्यात टाकल्या.

एकीने ठेवली. तिचं नाव नाकातो.

नाकातो सातवीत, तेरा वर्षांची. मावशीकडे राहायची, रोज पाच किलोमीटर चालत यायची. त्यांच्याकडे सातवीच्या शेवटी मोठी परीक्षा असते, ती पास झाली की पुढची शाळा. अपूर्णांकांची सोपी गणितं दिली की ही पोरगी तोंड वाकडं करायची. “मॅडम, याहून अवघड नाही का?” असं विचारणारी मुलगी मला नागपुरात दहा वर्षांत भेटली नाही.

सोमवारी तपासणीत तिच्या मोज्यात रिबीन सापडली. ती म्हणाली, पास्टरांनी ठेवायला सांगितली. वर्गशिक्षक म्हणाले, पास्टरांनी तर परत देण्याचं कबूल केलं होतं, म्हणजे तू खोक्यातून उचललीस. शिस्तीच्या वहीत तिच्या नावापुढे ‘चोरी’ असं लिहिलं गेलं आणि तिला घरी पाठवलं. मंगळवारी सकाळी मिसेस मुवांगुझींनी अमोलला आणि मला ऑफिसात बोलावलं.

“माइकवर काय म्हटलं गेलं ते मीही ऐकलं आहे,” त्या म्हणाल्या. “पण वहीतलं नाव माझ्या आठवणीवर खोडता येत नाही. तिला रिबीन दिली असेल, तर तुमच्यापैकी कोणीतरी मला तसं दोन ओळींत लिहून द्या. मी तिला आजच परत बोलावते. परीक्षेचे फॉर्म या महिन्याअखेर जातात.”

अमोल म्हणाला, “आम्ही आमच्या कमिटीशी बोलून कळवतो.” बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता, कारण त्या दिवशी नाईल नदी पाहायला जायचं ठरलं होतं. मी अमोलकडे पाहिलं, अमोलने घड्याळाकडे पाहिलं, आणि आम्ही दोघं नदी पाहायला गेलो.

मी का नाही बोलले? आमच्या मंडळीत कागद असा सहज निघत नाही. बाप्तिस्म्याचा साधा दाखला हवा असला तरी कमिटी, मग पाळकाची सही, मग सेक्रेटरीचा शिक्का. पत्र म्हणजे चर्चचं पत्र, हे माझ्या हाडात मुरलेलं. शिक्का नागपुरात, म्हणून मी अमोलच्या मागे भुणभुण लावली. नाश्त्याला लावली, जेवताना लावली, परतताना विमानतळावर लावली. तिथे तो म्हणायचा, “नागपूरला पोचल्यावर पाहू.” नागपूरला पोचल्यावर म्हणाला, “कमिटीत ठेवू.” आणि तिकडे ती मुलगी चोर ठरून मावशीच्या घरी भांडी घासत बसली होती.

“आता कामिनी मॅडम आपल्याला महिन्याचे हायलाइट्स थोडक्यात सांगतील,” अमोलने माइक माझ्या हातात दिला.

“मांगचा फोटो लाव वं श्वेता,” मी म्हटलं. तिने लावला. “याच फोटोले तुम्ही टाळ्या वाजवल्या ना? दुसऱ्या ओळीतली ही डावीकडची पोरगी पाहा. हिचं नाव नाकातो. आपल्या पाळकसाहेबांनी हिले सगळ्यांसमोर रिबीन ठेव म्हणून सांगितलं. तिनं ठेवली. म्हणून तिले चोर म्हणून शाळेतून घरी पाठवलं. हा आपला हायलाइट.”

अमोल पुढे आला. असा गोड आवाज काढला की मला आणखी चीड आली.

“मॅडम, ही साक्षीची वेळ आहे. मनातली कटुता आपण प्रार्थनेत...”

“साक्षच देऊन राहिली मी! जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगायचं, असंच शिकवता ना तुम्ही? मंग काहून झोंबून राहिलं?”

“आपण शब्द मोडला असं लेखी दिलं तर पुढच्या वर्षी ती शाळा आपल्याला बोलावेल का? दोनशे मुलांचा विचार करायचा की एकीचा?”

बाबाराव उठले. बाबाराव आमचे सेक्रेटरी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, रेल्वेतून रिटायर झालेले. शिक्का त्यांच्या पिशवीत असतो, झोपतानाही उशाशी घेत असतील.

“अमोल, खरं सांग गा. म्हणला होता का तू, ठेवा म्हणून?”

“भावनेच्या भरात म्हटलं असेल, बाबाराव.”

“मंग लिहून दे ना बाप्पा! काहून लटकवून राहिला त्या पोरीले?”

सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. अमोल कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला आणि लेटरहेडवर लिहायला लागला. दोन ओळींना त्याने पंधरा मिनिटं घेतली. बाबारावांनी चष्मा लावून कागद मोठ्याने वाचला. सुरुवातीला शाळेच्या आदरातिथ्याबद्दल आभार होते. मग आलं, ‘सदर विद्यार्थिनीचा आमच्या बोलण्याबाबत गैरसमज झाल्याचे दिसते.’

मी तो कागद त्यांच्या हातातून घेतला आणि फाडला. चार तुकडे केले. अमोल म्हणाला, “हे शोभत नाही मॅडम.” मी म्हटलं, “तुमाले शोभते ते सारं पाहून झालं माझं.” बाबाराव शिक्का परत पिशवीत ठेवत म्हणाले, “खोट्यावर मी शिक्का मारत नाही.” विषय पुढच्या कमिटीवर गेला आणि समोसे आले. लोकांनी ते खाल्ले. मला हात लावावासा वाटला नाही.

घरी आले, वहीचं पान फाडलं. इंग्रजीत लिहिलं: ‘रिबीन आम्हीच दिली आणि ठेवून घे असं आमच्या पाळकांनी सर्वांसमोर सांगितलं. मी तिथे होते, नाकातो खरं बोलते आहे.’ खाली सही केली, कामिनी साळवे, गणित शिक्षिका. फोटो काढून मिसेस मुवांगुझींना पाठवला आणि वर माफी मागितली, की चर्चचा शिक्का मिळू शकला नाही.

सोमवारी साडेअकराला, मधल्या सुट्टीत, त्यांचा फोन आला. मी स्टाफरूमच्या बाहेर व्हरांड्यात गेले.

“शिक्का मी मागितलाच नव्हता,” त्या म्हणाल्या. “मी ‘कोणीतरी’ म्हटलं होतं. तुमची सही मला पुरेशी आहे. वहीतलं नाव मी सकाळीच खोडलं.”

मी देवाचे आभार मानायला तोंड उघडलं. त्यांनी मानू दिले नाहीत.

“त्या मंगळवारी तुम्ही माझ्यासमोर बसला होतात. टेबलावर कागद होता, पेन होतं. हेच वाक्य तेव्हा का नाही लिहिलंत?”

महिनाभर अमोलला शिव्या घालून मी स्वतःला चांगली ठरवलं होतं. एवढा राग, एवढी भुणभुण, हॉलमध्ये माइकवर एवढा तमाशा. आणि जे करायचं होतं ते माझ्या हाताच्या अंतरावर होतं. मला कमिटी नको होती, बाबाराव नको होते, अमोलसुद्धा नको होता.

“हिंमत झाली नाही,” मी म्हणाले.

“मला नका सांगू. ती ऑफिसबाहेर उभी आहे, मी तिला बोलावून घेतलं आहे. आणि मॅडम, परीक्षेचे फॉर्म गेल्या मंगळवारी गेले, तिच्या नावाशिवाय. ते अजून मी तिला सांगितलेलं नाही.”

दार उघडल्याचं आणि फोन दुसऱ्या हातात गेल्याचं ऐकू आलं.

“गुड मॉर्निंग, मॅडम,” नाकातो म्हणाली. आवाजात केवढा आनंद. “तुमची चिठ्ठी आली! मी घरी सगळी उजळणी केली, तुम्ही दिलेली अवघड गणितंसुद्धा. आता मी यंदा परीक्षेला बसू शकते ना?”

“नाही, बाळा,” मी म्हणाले.