घराण्याचा अंगठा

बेबी चाळिशीला टेकली तरी घरात बेबीच होती, आणि तिचं दुखणं म्हणजे बेबीचे लाड, असं अप्पांचं ठाम मत होतं. बापलेकीचं खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान होतं. अप्पा लाकूडकाम बघत, बेबी बैठकीला वेत विणायची. वीण अशी की बसणाऱ्याला उठावंसं वाटू नये. पण पट्टी ताणली की तिचं मनगट सटकायचं, रात्री खांदा ठणकायचा, जिना चढताना गुडघा भलतीकडेच निघायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

डॉक्टरांचे उंबरे झिजवून झाले होते. रक्त चांगलं, हाडं चांगली, एक्स-रे तर असे सुरेख की फ्रेम करून लावावेत. एकाने झोप सुधारा म्हटलं, दुसऱ्याने लग्न का नाही केलंत म्हणून विचारलं. मग अप्पा म्हणायचे, "अगं, अंग सगळ्यांचंच दुखतं. बोलत कोणी नाही, एवढंच." हे वाक्य तिला फार लागायचं. डॉक्टर काय, परके. पण ज्यांच्याशेजारी बसून आयुष्य काढलं त्यांनाच आपण कामचुकार वाटतो, या विचाराने तिचा जीव जळायचा.

नव्या डॉक्टरबाईंकडे अप्पा स्वतःहून बरोबर आले. "काय म्हणतात ते माझ्या कानांनी ऐकतो," म्हणाले. काही निघणार नाही याची त्यांना खात्रीच होती.

बाईंनी रिपोर्टांचा गठ्ठा न उघडता बाजूला सारला. "मनगट आत वाकवून अंगठा कोपराकडच्या हाताला टेकतो का, बघू."

बेबीने टेकवला. आता अप्पांना कुठलं राहवायला? त्यांच्या घरी पाहुणे आले की हाच कार्यक्रम व्हायचा. आत्या अंगठा टेकवायची, भाऊ बोटं उलटी वळवायचा, बाहेरून आलेल्या सुनांना जमत नाही म्हणून त्यांची थट्टा व्हायची, आणि शेवटी अप्पा बाजी मारायचे.

"हात्तिच्या! हे बघा," अप्पांनी बाह्या सरसावल्या. सत्तरीच्या त्या माणसाने दोन्ही अंगठे टेकवले, वर कोपर उलटं वाकवून दाखवलं. "घराण्याची देणगी आहे, बाई."

बाईंना हसू आवरेना. "काका, तुम्ही माझं काम सोपं केलंत. तुमचे सांधे दुखतात?"

"ते सगळ्यांचेच दुखतात."

"रात्री?"

"लहानपणापासून. त्यात सांगायचं काय?"

मग बाईंनी नीट समजावलं. सांधे जागेवर धरून ठेवणारे बंध या घरात जन्मतःच सैल. त्यामुळे सांधा सटकतो, त्याला आवरता आवरता स्नायू दमतात आणि दुखतात. साध्या तपासण्यांत ते दिसत नाही. मुळापासून जात नाही, पण ठरावीक व्यायामाने आणि मनगटाला पट्टा लावून पुष्कळ सुसह्य होतं. आणि पाहुण्यांपुढचा कार्यक्रम आजपासून बंद!

बेबीला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. कायमचं दुखणं निघालं म्हणून इतकी खूश झालेली पेशंट डॉक्टरबाईंनी क्वचितच पाहिली असेल. आपण लबाड नाही, हे एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. दवाखान्याबाहेर येताच तिने मुद्दाम अप्पांकडे वळून पाहिलं. आता बोला म्हणावं! इतक्या वर्षांची उत्तरं तिच्या जिभेवर तयार होती.

अप्पा पायरीवरच थांबले होते, आपल्याच अंगठ्यांकडे बघत.

"बेबी," ते म्हणाले, "म्हणजे बाकीच्यांचं खरंच दुखत नाही?"

"नाही, अप्पा."

"रात्रीसुद्धा?"

बेबीच्या जिभेवरचं सगळं विरघळून गेलं. तिला हसू आलं आणि भरूनही आलं. तिने त्यांचं मनगट जपून हातात घेतलं.

"चला," ती म्हणाली, "आधी पट्टे घेऊ. दोघांनाही."