सोमवार-गुरुवारची जागा

माणूस गाव सोडून दुसऱ्या राज्यात चाललाय असं कळलं की सल्ल्यांना ऊत येतो. पिंपळवंडीत तर जो आयुष्यात आळेफाट्याच्या पुढे गेला नाही, तोही बयाबाईच्या ओट्यावर बसून गुजरातची माहिती देऊन गेला. शेजारचा दादाभाऊ एकदा पुतण्याच्या लग्नाला सुरतेला चार दिवस राहून आला होता, त्यामुळे तो तर या विषयातला अधिकारी पुरुष. गॅसची टाकी परत करून पावती घ्या. नातीच्या शाळेच्या दाखल्यावर वरच्या ऑफिसचा शिक्का हवा, नाहीतर तिकडे दारात उभं करत नाहीत. मोटारसायकलची एनओसी काढा. आणि तिकडे आमटीत साखर घालतात, तेव्हा मसाला इथूनच कुटून न्या. सगळं खरं होतं, कामाचंही होतं. फक्त जिच्यावर सगळं अवलंबून होतं, ती एक गोष्ट कुणी सांगितली नाही.

बयाबाईचा एकुलता एक पप्पू चाकणच्या एका कारखान्यात होता. कारखान्याने त्याची सगळी लाईनच उचलून गुजरातेत नेली आणि कामगारांना सांगितलं, यायचं तर या. चाळिशीला टेकलेल्या माणसाला दुसरी नोकरी कोण देतो? पप्पूनं फार आढेवेढे घेतले नाहीत. बयाबाईनंही घेतले नसते, पण तिचा नवरा हौशीराम तीन वर्षांपासून डायलिसिसवर होता. दर सोमवारी आणि गुरुवारी त्याला आळेफाट्याच्या दवाखान्यात मशीनवर घ्यायचे. मशिनी मोजक्या, आणि एक जागा मोकळी व्हायची तर माणसं महिनोन्महिने वाट बघायची. त्यामुळे तिची अट एकच होती. तिकडे मशीनची सोय असेल तरच निघायचं.

पप्पूनं तिकडच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "आ जाओ, हो जाएगा." पप्पूनं ते पक्कं धरलं. 'हो जाएगा' या दोन शब्दांवर आपल्या देशात माणसं घरं बांधतात, लग्नं ठरवतात. या पठ्ठ्यानं त्यांच्यावर बाप नेऊन ठेवला.

आणि हौशीराम म्हणजे मुलखावेगळा माणूस. एसटीत आपलं गाव यायच्या दोन थांबे आधीच उठून दुसऱ्याला बसवणारा. जायचं ठरल्यावर त्याला एकच घोर लागला, आपली सोमवार-गुरुवारची जागा एक दिवसही वाया जाता कामा नये. यादीत पहिलं नाव नीलमचं होतं. नीलम म्हणजे आळेफाट्यावरच्या भांड्यांच्या दुकानवाल्या जैन कुटुंबाची सून, जेमतेम तिशीची. इथे जागा नाही म्हणून ती पुण्याला जायची. पहाटे अंधारात निघायची आणि येताना वाटेत ओकाऱ्या काढत यायची. घरी संयम नावाचं लहान पोर आईची वाट बघत जागं राहायचं.

शेवटच्या गुरुवारी हौशीरामने जागा सोडली आणि बयाबाईनं दवाखान्याच्या व्हरांड्यातच नीलमची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं साग्रसंगीत. नीलम रडली, तिची सासू प्यारीबाई रडली, आणि हौशीराम असा खूश की जणू पोटची पोर उजवली. "तिचं सगळं पुढं हाय," घरी येताना तो म्हणाला. "माझ्यानं येवढं तरी झालं."

शुक्रवारी पप्पू, सून आरती आणि नात सामानाच्या टेम्पोबरोबर पुढे गेली. म्हातारा-म्हातारी रविवारी गाडी करून, वाटेत थांबत थांबत जाणार होती. शनिवारी दुपारी पप्पूचा फोन आला. तिकडे जागा नव्हती. फोनवर बोललेला तो माणूस कोण, हे दवाखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. यादीत नाव लिहून घेतलं होतं, पण पुढे बरीच माणसं होती. इथे डायलिसिस मोफत करणाऱ्या सरकारी योजनेचं कार्डही तिकडे चालत नव्हतं. तिकडचं कार्ड काढायचं तर आधी तिकडचा रहिवासी असल्याचा पुरावा द्या, म्हणाले. पप्पू फोनवर हमसून हमसून रडत होता. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागलो, एवढं एकच बयाबाईला त्या क्षणी सुचलं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

रिकाम्या घरात हौशीराम चटईवर भिंतीला टेकून बसला होता. पाय सुजायला लागले होते. त्याने गुळण्यापुरतं पाणी मागितलं. तिने दिलं आणि, त्याला पाणी मोजूनच द्यायचं असल्यामुळे, तो गुळणा गिळत तर नाही ना, हे बघत उभी राहिली. मग म्हणाली, पप्पूच्या खोलीचं काम अडलंय, काही दिवस इथंच थांबावं लागेल. त्याने लगेच विचारलं, मग सोमवारचं काय? ती म्हणाली, जाऊन बघते. दादाभाऊला त्याच्याजवळ बसवून ती निघाली. ओट्यावरून उतरताना आतून सुरतेच्या उन्हाळ्याची माहिती सुरू झालेली तिला ऐकू आली.

दवाखान्यात मशिनी सांभाळणारा सुदर्शन भला पोरगा होता. त्याने तिच्यासमोर नारायणगावला फोन लावला, मंचरला लावला. कुठेच जागा नव्हती. पुण्यात नीलमची जुनी जागा अजून भरली नसेल, तिकडे नेता येईल, म्हणाला, आणि बोलता बोलता स्वतःच थांबला. मागच्या वर्षी इथलं मशीन बिघडलं तेव्हा हौशीरामला पुण्याला नेलं होतं. येताना चाकणच्या गर्दीत त्याचा श्वास लागला, डोळे फिरले. मशीनवरून उतरल्या उतरल्या असा प्रवास याचं हृदय आता सोसणार नाही, असं डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं. पुण्यात राहावं म्हटलं तर या दोघांचं तिथं कुत्रंसुद्धा ओळखीचं नव्हतं.

"मावशी, मला ती जागा काढून घेता येणार न्हाई," सुदर्शन खाली बघत म्हणाला. "त्यांनी आपणहून सोडली तरच."

बयाबाई बाहेर येऊन फाट्यावर उभी राहिली. नाशिकच्या गाड्या जात होत्या, नगरच्या जात होत्या, गॅरेजवाले ट्रकखाली पडून ठोकाठोकी करत होते. घरी परत जावं आणि जे होईल ते होऊ द्यावं, असंही तिला एकदा वाटलं. मग सोमवार डोळ्यांपुढे आला, आणि मंगळवार, आणि बुधवारी पाण्यात बुडत असल्यासारखा श्वास घेणारा नवरा. लाज गुंडाळून ठेवली आणि ती भांड्यांच्या दुकानामागचा जिना चढली.

प्यारीबाईने तिला बघून आधी घट्ट मिठीच मारली. निघायच्या आधी भेटायला आली, असंच तिला वाटलं. ऊन कलायला लागलं होतं. त्यांच्यात सूर्य मावळल्यावर अन्नाला हात लावत नाहीत, म्हणून प्यारीबाईचं ताट वाढून ठेवलेलं होतं. ते झाकून ती बयाबाईजवळ येऊन बसली. ती स्वतः सतराव्या वर्षी लग्न होऊन राजस्थानातून इथे आली, तेव्हा तिला मराठीतलं 'पाणी' सोडून काही येत नव्हतं. तिने आपणहून सांगायला सुरुवात केली. पहिले आठ दिवस पाणी उकळून प्या. भाषेला घाबरू नका, भाजीवालीशी रोज घासाघीस करा, चार महिन्यांत तोंड उघडतं. आणि गेल्या गेल्या शेजारणीकडे विरजण मागा. विरजण दिलेली बाई दुसऱ्या दिवशी दही लागलं का म्हणून विचारायला येतेच, आणि मग ती आपली होते. गुजरातला जाऊन आलेल्या कुणीही असं सांगितलं नव्हतं. बयाबाई ऐकत राहिली. संयम आईच्या मांडीवर बसून तिची बांगडी फिरवत होता. नीलमचा चेहरा दोन दिवसांतच निवळल्यासारखा दिसत होता, आणि बयाबाईला ते बघवेना.

शेवटी तिने सांगून टाकलं. पप्पूचा फोन, तिकडची यादी, सुदर्शन काय म्हणाला, सगळं एका दमात. तिकडे नंबर लागेपर्यंतच, असं ती दोनदा म्हणाली. तो कधी लागेल हे तिला माहीत नव्हतं आणि ऐकणाऱ्यांनाही.

प्यारीबाईने संयमच्या डोक्यावरून हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाली, "ओटी भरून दिलीस, बयाबाई. ओटीत घातलेलं कुणी परत मागतं का?"

"न्हाई मागत. मी मागाया आले."

"ही माझी सून आहे. तिला हे एवढंसं लेकरू आहे. तुझ्या नवऱ्याची सत्तरी झाली."

"व्हय. तुमच्या जागी मी असते तर दिली नसती." बयाबाईने पदराचं टोक मुठीत धरलं. "तुमी न्हाई म्हणा. मी एका शब्दानं वाईट वाटून घेनार न्हाई. पर मागितल्याबिगर मला घरी जाता येईना."

हे तिने डाव म्हणून म्हटलं नव्हतं. पण अशा बोलण्यापुढे नाही म्हणणं किती अवघड असतं, हे तिला समजत होतं, आणि तरीही ती उठली नाही. प्यारीबाईची नजर सुनेवरून हलत नव्हती. मुलगा खाली दुकानात होता, त्याला वर बोलवावं की नाही याचा ती विचार करत असावी. तेवढ्यात नीलमनं संयमला मांडीवरून खाली ठेवलं.

"मी जाते पुण्याला. मला सवय आहे त्या रस्त्याची," ती म्हणाली. "बाबांना नाही झेपणार."

प्यारीबाई उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. बयाबाईला नीलमच्या पाया पडावंसं वाटलं, पण लेकीसारख्या मुलीला आणखी ओशाळं कशाला करा. तिने नुसता तिच्या गालावरून हात फिरवला. जिना उतरून खाली आली तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते. प्यारीबाईचं ताट तसंच झाकलेलं राहिलं होतं, आणि आता ती उपाशीच झोपणार होती. आपण सुनेची जागा तर घेतलीच, वर सासूच्या तोंडचा घासही घेतला, हे तिच्या लक्षात आलं आणि ती रिक्षात बसून रडली. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं नाही.

हौशीरामला तिने सांगितलं, नीलमला नारायणगावला जागा मिळाली, घरच्यासारखाच दवाखाना आहे. त्याने तीन-तीनदा खात्री करून घेतली. तिची जागा आपण अडवत असू तर मी जाणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं होतं. बयाबाईनं पप्पूची शपथ घेतली. त्याखेरीज तो उठला नसता.

सोमवारी सकाळी सुदर्शनने त्याला मशीनवर घेतलं. नळ्यांमधून रक्त फिरायला लागलं, हळूहळू चेहऱ्यावर थोडी तरतरी आली, तेव्हा हौशीरामला आठवण झाली.

"त्या पोरीला फोन लाव," तो म्हणाला. "तिकडची मानसं नीट बघत्यात का, इचार."

बयाबाई फोन घेऊन व्हरांड्यात गेली. नुसता कानाला लावून परत यावं, असं तिने ठरवलं होतं, पण बोटांनी नंबर लावलाच. पलीकडून एसटीच्या इंजिनाचा घरघराट आला आणि त्यातून नीलमचा आवाज.

"मावशी, लावलं का बाबांना मशीनवर?"

"लावलं."

"बरं झालं. आमची गाडी चाकणला अडकलीय. पोचू वेळेत." मग ती म्हणाली, "त्यांना यातलं काही सांगू नका हां, त्यांना सोसणार नाही."

बयाबाईला खूप बोलायचं होतं. 'पोरी' एवढंच तोंडातून आलं आणि फोन तुटला. तोंडावरून पदर फिरवून ती आत गेली. हौशीराम मान उचलून तिच्या वाटेकडेच बघत होता.

"काय म्हनती?"

"बरी हाय. तीबी मशीनवरच हाय आत्ता. लई आपुलकीनं बघत्यात म्हणली."

"मी म्हणलं व्हतं ना." त्याने समाधानाने डोळे मिटले. "आपल्यामुळं कुनाचं अडू ने, बया. बास."

ती त्याच्या पायाशी बसली आणि सूज उतरतेय का ते बोटाने दाबून बघत राहिली. गुरुवारी पुन्हा हेच सांगायचं होतं.